वर्गात कोल्हापूरचा इतिहास: फोटो, आवाज, नकाशा आणि फिल्म कशी वापरायची

शाळेत नव्यानं रुजू झालेले शिक्षक पहिल्या महिन्यात हमखास विचारतात, "सर, पन्हाळ्यावरचा एखादा चांगला व्हिडिओ पाठवा की." मी पाठवत नाही. हात आखडता घेतो असं नाही, पण मी एकदा पोळलोय.

सातवीला पावनखिंड शिकवायची होती. नवा टीव्ही आला होता, उत्साह दांडगा. एका सिनेमातला वीस मिनिटांचा तुकडा लावला. मुलं श्वास रोखून बघत होती, शेवटी टाळ्यासुद्धा वाजल्या. मला वाटलं, जमलं. पंधरा दिवसांनी चाचणीचे पेपर तपासायला घेतले आणि कपाळावर हात मारला. अर्ध्या पेपरात बाजीप्रभूंच्या तोंडी सिनेमातलेच संवाद. एकानं तर लिहिलं होतं, "तेव्हा मोठा पाऊस पडत होता व संगीत वाजत होते." पोरानं काही चूक केली नव्हती. मी दाखवलं तेच त्यानं लिहिलं. वेढा कुणी घातला, किती दिवस होता, विशाळगडच का गाठायचा होता, यातलं एकही मी दाखवलं नव्हतं.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. पडद्यावर काहीही लावलं, की पहिला प्रश्न ठरलेला: हे कुणी केलं, कधी केलं, कशासाठी केलं? फोटो असो, पोवाडा असो, नकाशा असो की सिनेमा. पुढचं सगळं या प्रश्नाभोवतीच फिरतं.

सुरुवात जवळच्या जागेपासून

आधी साधन शोधू नका, जागा शोधा. शाळेपासून चालत जाता येईल अशी एक जागा आणि तिच्याबद्दल एक प्रश्न. शहरात असाल तर शोधायलाही लागत नाही. बिंदू चौकातली तटबंदी, रंकाळा, खासबाग, टाऊन हॉल, भवानी मंडप. खेड्यात असाल तर देवळामागं किंवा वेशीत उभा असलेला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, बघा. आपल्या जिल्ह्यात वीरगळ ठिकठिकाणी आहेत आणि बहुतेक ठिकाणी लोक त्याला देव म्हणून शेंदूर लावतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि डोक्यावर चंद्रसूर्य. म्हणजे दगडातली चित्रकथाच, फक्त खालून वर वाचायची. मोबाईलनं एकेका चौकटीचा वेगळा फोटो काढा आणि वर्गात उलटसुलट क्रमानं दाखवा. क्रम मुलांना लावू द्या. फोटो सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर काढायचा. तिरपा उजेड पडला की झिजलेलं कोरीवकामही उठून दिसतं, भर दुपारी सगळं सपाट येतं.

प्रश्न मात्र छोटाच घ्या. "मराठ्यांचा इतिहास" हा प्रश्न नव्हे. "या दगडावरचा माणूस कुणाशी लढत होता?" हा प्रश्न. उत्तर मिळालं नाही तरी चालतं. आमच्या गावच्या वीरगळाचं अजून मिळालेलं नाही.

साहित्य कुठून गोळा करायचं

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा अॅपवर जे मिळतं ते बघून घ्या. पण ते राज्यभरासाठी केलेलं असतं, तुमच्या पेठेचं किंवा गावाचं त्यात काही नसणार. स्थानिक माल आपला आपणच गोळा करावा लागतो.

टाऊन हॉलमधलं वस्तुसंग्रहालय ही पहिली पायरी. १९४५-४६ मध्ये पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झालं, तिथल्या वस्तू इथं आहेत. त्यांत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटीशी ब्राँझची मूर्ती आहे. समुद्रापासून एवढ्या लांब, घाटावरच्या गावात समुद्राचा देव आला कसा? ह्या एका मूर्तीवर दोन तासिका निघतात. नकाशावर कोकणातली बंदरं, घाटवाटा आणि कोल्हापूर एवढंच दाखवायचं, बाकीचं मुलं बोलतात. फोटो काढायला परवानगी आहे का ते आत शिरतानाच विचारा. काही ठिकाणी मनाई असते. तसं असेल तर मुलांना चित्र काढायला लावा, तेही उत्तम साधन आहे.

न्यू पॅलेसमधलं शहाजी छत्रपती म्युझियम मुलांना आवडतं, पण तिथं पोरं शिकारीतले वाघ बघण्यात रमतात. एकच वस्तू ठरवून न्या. कसबा बावड्याचा लक्ष्मी विलास पॅलेस, म्हणजे शाहू महाराजांचं जन्मस्थळ, त्या मानानं निवांत आहे.

कागदासाठी कोल्हापूरचं पुरालेखागार, शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय आणि १८५० सालापासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर. इंग्रजांनी १८८६ मध्ये छापलेलं कोल्हापूर संस्थानाचं गॅझेटियर इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यात आपल्या तालुक्याचं पान काढा, स्क्रीनशॉट घ्या, मराठीत दोन ओळी सांगा. गावाचं नाव इंग्रजांनी कसं लिहिलंय एवढ्यावरच वर्ग हसतो आणि मग ऐकायला लागतो.

आणि घरं. पत्र्याच्या पेटीत काय काय असतं याची आपल्याला कल्पना नसते. वर्गात फक्त एवढं सांगा: घरातला सगळ्यात जुना फोटो बघून या, आणायचा नाही, आईच्या किंवा वडिलांच्या मोबाईलवर त्याचा फोटो काढून पाठवायला सांगा. "आणायचा नाही" हे दोनदा सांगा. एकदा एका मुलीनं आजोबांचा लग्नातला फोटो दप्तरात घालून आणला, वर डब्यातली आमटी सांडली. त्या घरी मी स्वतः जाऊन माफी मागून आलोय.

यंत्राचं थोडक्यात

नेटवर भरवसा ठेवू नका. जे दाखवायचं ते आदल्या दिवशी पेन ड्राइव्हवर आणि मोबाईलमध्ये, दोन्हीकडं घ्या. त्याच खोलीत, त्याच वेळेला एकदा चालवून बघा. दुपारच्या उजेडात प्रोजेक्टरवर काहीच दिसत नाही, खिडकीला काळं कापड लागतं. टीव्हीचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही, साधा ब्लूटूथ स्पीकर मधल्या ओळीत ठेवा. लाईट गेली तर काय, याचं उत्तर खिशात असू द्या. माझ्याकडं प्रत्येक पाठाचे चार फोटो कागदावर छापून लॅमिनेट केलेले असतात. खरं सांगायचं तर कित्येकदा तेच जास्त चालतात, कारण ते हातात धरून दोघं भांडू शकतात.

एक पाठ सविस्तर: पन्हाळा ते विशाळगड

आता तोच पाठ मी कसा घेतो ते सांगतो. एक तासिका पुरत नाही, सलग दोन मागून घ्या.

सुरुवात नकाशानं. गुगल अर्थवर पन्हाळा उघडा आणि पडदा तिरका करा, म्हणजे डोंगर उभे राहतात. मुलांना पन्हाळा माहीत असतो, पण गाडीनं वर जाऊन झुणका-भाकर खाऊन आलेला पन्हाळा. तीन दरवाजा कुठं, सज्जाकोठी कुठं, अंबरखाना कुठं ते त्यांनाच शोधू द्या. अंबरखाना म्हणजे धान्याची कोठारं, हे कळल्यावर एक जण तरी विचारतोच, "सर, धान्य होतं तर मग बाहेर पडायचं कशाला?" या प्रश्नाची वाट बघायची. तो आला की पाठ सुरू झाला.

मग वेढा. मार्च १६६० पासून सिद्दी जौहरनं आदिलशहाच्या वतीनं गडाला वेढा घातला होता. राजापूरचे इंग्रज वखारवाले तोफा आणि दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीला आले होते. पुढच्याच वर्षी, १६६१ मध्ये, शिवाजी महाराजांनी राजापूर गाठून त्याचा हिशेब केला. तिकडं शायिस्ताखान पुण्यात येऊन बसलेला. म्हणजे गडावर धान्य असलं तरी बसून राहणं परवडणारं नव्हतं. फळ्यावर दोन बाण काढले की हे कळतं, त्याला व्हिडिओ लागत नाही.

आता पुन्हा गुगल अर्थ. मोजपट्टीनं पन्हाळा ते विशाळगड सरळ रेषेत मोजा. चाळीसेक किलोमीटर भरतं. मुलं म्हणतात, "एवढंच?" मग मसाई पठारावरून, पांढरेपाण्यावरून वाट दाखवा आणि प्रत्येक ओढ्यावर थांबून विचारा, "आषाढात इथं पाणी किती असेल?" तारीख १२-१३ जुलै १६६०, पौर्णिमेची रात्र. पन्हाळ्याचा आषाढ आमच्या पोरांना नवा नाही. शाहूवाडी-पन्हाळ्याकडून आलेला एखादा मुलगा वर्गात असतोच, त्याला बोलू द्या. गेल्या खेपेला असाच एक जण म्हणाला, "सर, आमच्याकडं त्या दिवसांत चंद्र दिसतच नाही." पौर्णिमा असून अंधार! मी इतकी वर्षं "पौर्णिमेची रात्र" म्हणून चांदणं गृहीत धरून सांगत होतो.

यानंतर आवाज. शाळेच्या पत्र्यावर जुलैमध्ये पाऊस कोसळत असताना मी मोबाईलवर दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून ठेवलंय. दिवे बंद करतो, ते लावतो आणि शिवा काशीद महाराजांच्या वेशात पालखीत बसला तिथून पुढं तोंडानं सांगतो. हा आवाज म्हणजे पुरावा नव्हे, वातावरण आहे, हे मुलांना आधीच सांगून टाकतो. पुरावा कुठला आणि सजावट कुठली हा फरक एकदा त्यांच्या डोक्यात बसला की पुढं आपल्यालाच पकडतात.

आणि आता, सगळ्यात शेवटी, सिनेमातला तुकडा. वीस मिनिटं नाही, तीन. आवाज बंद करून एकदा, आवाजासकट एकदा. वहीत दोन रकाने: "हे नकाशात किंवा कागदात सापडलं" आणि "हे सिनेमावाल्यांनी घातलं". दुसरा रकाना भराभर भरतो. कुणी सिनेमाला नावं ठेवत नाही, उलट अशा नजरेनं बघितल्यावर मुलांना तो जास्तच आवडतो.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात पन्हाळा आहे. हे पाठाच्या शेवटी सांगा, सुरुवातीला नको. सुरुवातीला सांगितलं की पोरं ते परीक्षेचं वाक्य म्हणून लिहून घेतात.

महाराजांचा "खरा फोटो"

व्हॉट्सअॅपवरून शिवाजी महाराजांचा "खरा फोटो" दर वर्षी एक तरी मुलगा घेऊन येतो. आता एआयनं केलेल्या चित्रांमुळं ते इतकं हुबेहूब असतं की मोठी माणसंही फसतात. रागावू नका, ही आयती आलेली तासिका आहे. फळ्यावर दोन साल लिहा. महाराजांचं निधन १६८०. जगात फोटोग्राफी जाहीर झाली १८३९. मधलं अंतर मुलांनाच काढू द्या. १५९ वर्षं. मग त्यांच्या हयातीतली किंवा त्या काळाजवळची लघुचित्रं दाखवा आणि शेजारी शाहू महाराजांचा फोटो. एक चित्रकारानं काढलेलं, एक कॅमेऱ्यानं टिपलेलं. कॅमेऱ्यापुढंही माणूस पोशाख करून, पोझ घेऊन बसतो, हे एखादी मुलगी बोलून जाते, कारण ती स्वतः तेच करते.

जुन्या फोटोंचा दुसरा सोपा उपयोग म्हणजे तीच जागा पुन्हा टिपणं. टाऊन हॉलचा किंवा रंकाळ्याचा जुना फोटो घ्यायचा, फोटोवाला जिथं उभा असेल ती जागा शोधायची आणि तिथूनच नवा फोटो काढायचा. जागा शोधतानाच खरा अभ्यास होतो. हे झाड नव्हतं, हा रस्ता नव्हता, शालिनी पॅलेस दिसतोय म्हणजे फोटो १९३० नंतरचा. मुलं फोटोची तारीख स्वतः ठरवायला लागतात.

आज्जीचा आवाज

मौखिक साधनं हा शब्द आठवीच्या पुस्तकात पहिल्याच पाठात आहे. मुलं तो पाठ करतात आणि घरी आज्जीशी बोलत नाहीत.

आमच्याकडं यासाठी सगळ्यात चांगला विषय म्हणजे पूर. १९८९, २००५, २०१९, २०२१. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे इथल्या चौथीतल्या पोरालाही पाठ असतात. बातम्यांचे व्हिडिओही ढिगानं आहेत. पण व्हिडिओत हेलिकॉप्टर आणि बोटी असतात, घर नसतं. "पूर कसा होता?" असं विचारलं की आज्जी म्हणते, "लई वाईट," आणि विषय संपतो. प्रश्न बारीक करायला शिकवा. पाणी दारात आलं तेव्हा पहिल्यांदा काय उचललं? जनावरं कुणी सोडली? रात्री कुणाच्या घरी झोपलात? चिखल काढायला किती दिवस लागले? एका मुलाच्या आज्जीनं सांगितलं की तिनं आधी देव्हारा उचलला नाही, चटणीची बरणी उचलली, कारण वर्षाची चटणी नुकतीच करून ठेवली होती. हे कुठल्याच बातमीत नाही.

रेकॉर्डिंगचे नियम चारच. मोबाईल एअरप्लेन मोडवर. पंखा बंद, टीव्ही बंद. मोबाईल हातात न धरता उशीवर किंवा घडी केलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून एका हातावर. आणि सुरुवातीला नाव, तारीख, गाव आणि "रेकॉर्ड करू का?" हा प्रश्न, त्याच्या होकारासकट. नकार आला तर तिथंच थांबायचं. पाच-सात मिनिटं पुरेत. वर्गात ऐकवताना मोठं रेकॉर्डिंग लावू नका, एक मिनिटाचा तुकडा लावा आणि थांबा.

कागद पडद्यावर

२६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा आरक्षणाचा आदेश प्रत्येकाला माहीत असतो, पण वाचलेला कुणी नसतो. करवीर सरकारच्या गॅझेटमधल्या त्या पानाचा फोटो मिळवा आणि पडद्यावर मोठा करा. आधी मजकूर नाही, नुसतं पान बघू द्या. तारीख कुठंय? सही कुणाची? भाषा कशी आहे? मग अर्थ. मुलं म्हणतात, "पन्नास टक्के नोकऱ्या दिल्या." नीट वाचलं की कळतं, त्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के. फरक काय पडतो, ते वीस कारकुनांचं दप्तर कल्पून गणित करून काढायला लावा. हुकूम झाल्यावर दुसऱ्या दिवशी दप्तर बदललं नसणार, हे त्यांना स्वतःलाच कळतं. आणि महाराज त्या वेळी विलायतेत होते, हे सांगितलं की वर्गात कुजबूज सुरू होते.

एक गोष्ट मात्र पक्की. या पाठात कुठल्याही मुलाला त्याची जात विचारायची नाही, उदाहरण म्हणूनही नाही. कुणी स्वतःहून बोललं तर ऐकायचं, ताणायचं नाही. नवीन शिक्षक उत्साहात इथं घसरतात.

सिनेमा हाच इतिहास

दहावीला प्रसारमाध्यमं आणि मनोरंजनाची माध्यमं यांवर स्वतंत्र पाठ आहेत. कोल्हापूरच्या शिक्षकाला यापेक्षा सोपं काय असणार? बाबूराव पेंटरांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, स्वदेशी कॅमेरा तयार केला, १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला. १ जून १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली, १९३३ मध्ये पुण्याला गेली. पहिला मराठी बोलपट, १९३२ चा 'अयोध्येचा राजा', कोल्हापुरातच तयार झाला. इथं सिनेमा हा साधन नाही, विषयच आहे. मूकपटाचा एखादा मिनिटभराचा तुकडा लावा आणि संवाद मुलांना म्हणायला सांगा. आमच्या वर्गात राजा अस्सल कोल्हापुरी बोलतो.

प्रोजेक्टर आढ्याकडं

खिद्रापूरला सगळ्यांना नेणं जमत नाही. तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपात ४८ खांब आहेत आणि मधोमध वर गोल मोकळं आकाश. हा फोटो भिंतीवर दाखवला की त्यात काही जीव राहत नाही. मी प्रोजेक्टर उताणा ठेवतो, खाली दोन पुस्तकं, आणि फोटो थेट छतावर पाडतो. पोरं सतरंजीवर आडवी. खालून वर बघितल्यावर खांबांची वर्तुळं आपोआप मोजली जातात. मात्र प्रोजेक्टरची हवा बाहेर पडायची जाळी झाकली जाऊ देऊ नका आणि पाच मिनिटांच्या वर असा ठेवू नका, तापतो.

सांभाळून ठेवायचं कसं

वर्गात शिकवण्यासाठी दुसऱ्याचा फोटो किंवा तुकडा दाखवणं वेगळं, आणि तोच शाळेच्या यूट्यूब चॅनलवर चढवणं वेगळं. दुसरं करायचं असेल तर मालकाला विचारा. मुलांचे चेहरे आणि आज्ज्यांचे आवाज तर घरच्यांच्या लेखी होकाराशिवाय कुठंही टाकू नका.

फाईलची नावं मराठीत आणि शिस्तीत द्या: जागा, वर्ष, कुणी काढलं. "पन्हाळा_सज्जाकोठी_२०२३_स्वतः" असं. "फोटो नवीन फायनल २" या नावाची फाईल सहा महिन्यांनी तुम्हालाही ओळखू येत नाही. सोबत एक दोनशे पानी वही ठेवा: काय मिळालं, कुणाकडून, कुठल्या इयत्तेला चाललं, कुठं फसलं. बदली झाली की पेन ड्राइव्ह आणि वही पुढच्या शिक्षकाच्या हातात द्यायची.

आमच्या वहीत शेवटचं पान "हवं आहे" असं आहे. त्यात पहिलं नाव शाहू मिलच्या भोंग्याचं. १९०६ मध्ये सुरू झालेली मिल, तिच्या भोंग्यावर घरोघरची घड्याळं लावली जायची असं जुनी माणसं सांगतात. त्या काळचं रेकॉर्डिंग मला मिळालेलं नाही. मिलमध्ये नोकरी केलेल्या एका आजोबांना मुलांनी विचारलं, तर त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरून तो वाजवून दाखवला, मध्येच खोकला आला म्हणून थांबले, पाणी प्यायले आणि पुन्हा वाजवला. फाईलचं नाव आहे "शाहूमिल_भोंगा_तोंडी". खोकला काढून टाकलेला नाही.